मदत हवी आहे: रास प्रथिन ‘बंद’ कसं होतं, हे बारावीला कसं शिकवू?

नमस्कार मंडळी. मी बारावीला जीवशास्त्र शिकवते. रास हे प्रथिन पेशीतला खटका आहे, एवढं मुलांना लगेच कळतं: जीटीपी (तीन फॉस्फेटांचा छोटा रेणू) धरलेला असला की चालू, त्यातला एक फॉस्फेट तुटून त्याचा जीडीपी झाला की बंद. अडतं ते पुढे. रास स्वतःहून फार सावकाश बंद होतं. न्यूरोफायब्रोमिनसारखं नियंत्रक प्रथिन आपलं एक आर्जिनिन (अमिनो आम्ल) रासच्या खाचेत सरकवतं, तेव्हा जीटीपी झटकन तुटतो. रासच्या साखळीत १२व्या जागेवरचं ग्लायसीन हे अमिनो आम्ल बदललं की तिथे अडचण होते आणि खटका चालूच राहतो. स्वादुपिंडाच्या बहुतेक कर्करोगांत हाच बिघाड सापडतो.

एका मुलीने विचारलं, “मॅडम, न्यूरोफायब्रोमिनच नसेल तरी रास चालूच राहणार ना? मग ते बिघडल्याने होणाऱ्या आजारातल्या (न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप १) गाठी बहुधा साध्या, म्हणजे कर्करोगाच्या नसलेल्या, का असतात?” किती नेमका प्रश्न! इतर नियंत्रक प्रथिनं थोडं काम सांभाळतात, एवढं सांगितलं, पण माझंच समाधान झालं नाही. बिघाड कोणत्या पेशीत झाला, यालाही तितकंच महत्त्व आहे का? या विषयात काम करणाऱ्यांनी कृपया सांगावं.

आणि या नियंत्रकासाठी एखादी उपमा सुचवा ना. ब्रेक म्हटलं की मुलांना वाटतं, ते रासला अडवतं. खरं तर ते रासचंच रेंगाळलेलं काम पुरं करून घेतं.