मदत हवी आहे: धर्मादाय रुग्णालयाने राखीव खाट नाकारली, दाद कुठे मागायची?

नमस्कार मंडळी,

माझे मामा शेतमजूर, पिवळं रेशनकार्ड. मेंदूत रक्तस्राव झाला म्हणून रातोरात पुण्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयात नेलं. काउंटरवर पहिला प्रश्न डिपॉझिटचा. रेशनकार्ड पुढे केलं, तर "योजनेच्या खाटा फुल आहेत, सकाळी समाजसेवा विभागात भेटा." उसनवारी करून पैसे भरले, तेव्हा कुठे आयसीयूत घेतलं. पुढचं बिल मामीच्या पाटल्या मोडून भागवलं. मामा आता घरी आहेत, उजवी बाजू अजून लुळीच आहे.

घरी येऊन फाईल चाळली तर एक छापील कागद सापडला: 'आम्हास कोणत्याही योजनेचा लाभ नको.' खाली मामीचा अंगठा. तिला वाचता येत नाही, आणि त्या गडबडीत कुणी वाचूनही दाखवलं नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने जनहित याचिकेत घालून दिलेली योजना 2006 पासून लागू आहे, एवढं वाचलंय. 10 टक्के खाटा निर्धनांना मोफत, 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, आणि त्यासाठी बिलांच्या 2 टक्के रक्कम वेगळ्या निधीत. तातडीच्या रुग्णाकडे डिपॉझिट मागायचंच नाही, असंही त्यात आहे. म्हणजे आम्ही काही भीक मागत नव्हतो. रुग्णालय मात्र त्या अंगठ्यावर बोट ठेवून मोकळं.

आता वकील मित्र थेट रिट (मूलभूत हक्कासाठी वरच्या कोर्टात करायची याचिका) करू म्हणतो. 1996 च्या पश्चिम बंग खेत मजदूर समिती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपचार नाकारणं हा घटनेच्या कलम 21 चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग मानून 25 हजारांची भरपाई दिली होती, त्याचा तो दाखला देतो. पण ती सरकारी रुग्णालयं होती, इथे खाजगी ट्रस्ट आहे. मला आधी धर्मादाय सहआयुक्तांकडे (ट्रस्टवर देखरेख करणारे सरकारी अधिकारी) तक्रार करावी असं वाटतं. ग्राहक आयोगात तक्रार करायची दोन वर्षांची मुदतही डोक्यात आहे.

कुणी या वाटेने गेलंय का? बिल भरून झाल्यावर परतावा मिळतो का? तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला डिस्चार्जनंतरच्या तारखेचा आहे, तो चालतो का? त्या रात्री खाटा खरंच भरलेल्या होत्या का, याच्या नोंदी माहिती अधिकारात धर्मादाय कार्यालयाकडून मिळतील का? आणि त्या अंगठ्याला कायद्यात किती किंमत?

'एखादा पुढारी गाठा' हा सल्ला मिळालाय, तो सोडून सांगा.