शिवाजी पूल: पाडायचा की ठेवायचा?

ब्रह्मपुरी:
कोल्हापूरचा शिवाजी पूल १८७८ चा. काळ्या दगडाच्या कमानी, चुन्यातलं बांधकाम. पन्हाळा-रत्नागिरीकडची सगळी वाहतूक त्याने शंभरहून जास्त वर्षं अंगावर घेतली. बैलगाड्यांच्या जमान्यातल्या पुलावरून पुढे उसाचे ट्रक धावले. शेजारचा पर्यायी पूल बरीच वर्षं अर्धवट पडून होता, कारण पुलाजवळची ब्रह्मपुरी टेकडी पुरातत्त्व म्हणून संरक्षित आणि तिच्यापासून १०० मीटरच्या आत बांधकामाला कायद्याने बंदी. त्या खोळंब्यातच २६ जानेवारी २०१८ च्या रात्री गणपतीपुळ्याहून परतणारी मिनीबस जुन्या पुलाचा कठडा तोडून पंचगंगेत पडली. १३ जीव गेले. नवा पूल २०१९ मध्ये सुरू झाला.

आता जुन्याचं काय? माझं मत स्पष्ट आहे. त्याच्यावर एकही वाहन नको, पण पूल राहिलाच पाहिजे. याच काठावर सातवाहनकालीन वस्ती उत्खननात निघाली, पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती सापडली. एवढा जुना काठ आणि त्यावरचा हा पूल, दोन्ही चालत फिरून बघता यावेत.

आंबेवाडीकर:
शहरातली माणसं पूर बघायला पुलावर येतात. आम्ही पुरात असतो. रेडेडोह फुटला, म्हणजे नदी तिथे पात्र सोडून बाहेर पडली, की आमचा रस्ता बंद, आणि मग नदीकाठच्या चिखली-आंबेवाडी गावांची जनावरं, म्हातारी माणसं हलवायची धावपळ. २०१९ ला राजाराम बंधाऱ्यावर, जिथे पंचगंगेची पातळी मोजतात, पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला परत तेच. नदीत दोन-दोन पूल शेजारी शेजारी, त्यात जुन्याचे खांब हे एवढे जाड. पाणी तुंबणार नाही तर काय होणार? इतिहास फोटोत ठेवा. पूल काढा.

स्थापत्य:
खांबांनी पाणी अडतं, हे खरं. पण महापुरात नदी पात्र सोडून शेतातून वाहते, आणि तिथे तिला आडवे येतात रस्त्यांचे भराव. शिरोलीजवळचा महामार्गाचा भराव काढून तिथे खांबांवर रस्ता करा, ही मागणी उगाच होत नाही. जुना पूल पाडून पाणी किती उतरेल, हे आधी कुणीतरी गणित करून दाखवावं. त्याशिवाय पाडा म्हणणं मला पटत नाही.

दगडी कमानीला वजनाची फारशी भीती नसते. वजन आलं की दगड एकमेकांवर आणखी घट्ट बसतात. तिचे शत्रू दोन. पाया धुपणं, म्हणजे पुराच्या पाण्याने खांबाच्या बुडाखालचं खरवडून नेणं. आणि सांध्यात रुजलेला पिंपळ. वरून फांद्या तोडल्या की झाड गेलं असं वाटतं, पण मूळ आत जाडच होत राहतं आणि दगड सुटा करतं. त्यावर सिमेंट थापलं की आतला ओलावा कोंडतो, चुना आणखी भुसभुशीत होतो. आपल्याकडे नेमकं हेच केलं जातं.

महाडचा:
पाया धुपण्यावर बोलताय म्हणून लिहितो. आमच्या सावित्रीवरचा पूल १९२८ चा, दगडी कमानींचाच. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला. दोन एसटी गाड्या आणि इतर वाहनं माणसांसकट वाहून गेली. त्याच वर्षी मे महिन्यात तपासणी होऊन पूल वाहतुकीला योग्य ठरला होता. नंतर नवा पूल वर्षाच्या आत उभा राहिला. म्हणजे करायचं ठरवलं तर होतं, पण माणसं गेल्यावर. मला जुन्या पुलांचं कौतुक आता ऐकवत नाही. पाडा, नाहीतर दोन्ही तोंडाला भिंत घाला.

ब्रह्मपुरी:
महाडचं दुःख मोठं आहे, आणि तुमचा मुद्दा माझ्या बाजूचाच आहे. तो पूल भर पुरात महामार्गाची वाहतूक वाहत होता. म्हणूनच मी म्हणतो, इथे वाहन नको. पावसाळा संपला की दरवर्षी पाणबुडे उतरवून पाया बघा. काठावरून नजर टाकून दिलेला दाखला चालणार नाही. पिंपळ मुळासकट काढा, सांधे चुन्यानेच भरा. आणि राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट, म्हणजे इशारा पातळी आली की पूल पायी जाणाऱ्यांनाही बंद.

गंगावेस:
हे सगळं बरोबर, पण करणार कोण? वाहतूक नसलेल्या पुलाला रस्त्याच्या निधीतून पैसा कोण देणार? महापालिकेने वारसा म्हणून तो लेखी आपल्याकडे घ्यावा आणि अंदाजपत्रकात त्याच्या नावावर रक्कम धरावी. नाहीतर ठेवू म्हणता म्हणता तो आपोआप पडेल.

आंबेवाडीकर:
गणित करा म्हणताय ना, मग करा. पण खांब आणि भराव दोन्ही धरून करा, आणि तो आकडा चिखलीच्या ग्रामसभेत येऊन सांगा. पुलामुळे आमच्या दारात फूटभर जरी पाणी जास्त येत असेल, तर माझं मत पाडायचंच. नसेल येत, तर राहू दे पूल. मात्र भरावाखाली मोऱ्या वाढवायचं काम त्याच्या आधी झालं पाहिजे.