फोनवरची सेवा चुकल्यावर काय करते?
बोलणं ओळखण्याची अचूकता वाढली की फोनवरच्या बोलत्या सेवा (आपण बोलायचं, यंत्राने ऐकून उत्तर द्यायचं) आपोआप सुधारतील, असं म्हटलं जातं; ते मला अर्धंच पटतं. साधी फोन लाइन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ (सेकंदाला तेवढी कंपनं) एवढाच आवाज पुढे नेते. 'स' आणि 'श' वेगळे ओळखायला लागणारा बराचसा भाग त्याच्या वर असतो, तो गळतो. त्यात शेतातला वारा, बाजारातला गोंगाट. चुका होणारच.

आयआयटी मुंबईने मराठीत बाजारभाव सांगणारी फोनसेवा विकसित केली होती (सहा भारतीय भाषांच्या सरकारी प्रकल्पातला मराठी भाग). तिच्यासाठी शेतकऱ्यांचेच आवाज गोळा केले, हे मला फार मोलाचं वाटतं. स्टुडिओतल्या निवेदकांच्या आवाजावर शिकलेली यंत्रणा वऱ्हाडी बोलीपुढे अडखळते.

बाकी प्रश्न संवादाच्या रचनेचा. शंका असेल तेव्हाच 'तूर म्हणालात का?' असं विचारावं. प्रत्येक उत्तराला खात्री मागितली तर माणूस वैतागून फोन ठेवतो. यंत्र बोलत असताना मध्येच बोलता यायला हवं. आणि दोनदा चुकलं की तिसऱ्यांदा तोच प्रश्न नको, सरळ बटणं दाबायची सोय द्या किंवा माणसाशी जोडून द्या. वयस्कर लोकांसाठी तर हे हवंच.