कडाक्याच्या थंडीत कंडेन्सिंग फर्नेस मध्येच विझते

प्रश्न: आम्ही अमेरिकेत मिनियापोलिसजवळ राहतो. बाहेरचे तापमान उणे 20 अंश सेल्सियसच्या खाली गेले की आमची कंडेन्सिंग फर्नेस (घर गरम ठेवणारी गॅसची भट्टी) पेटून थोड्याच वेळात विझते आणि प्रेशर स्विचच्या (आतल्या दाबावर लक्ष ठेवणाऱ्या सुरक्षा स्विचच्या) बिघाडाचा संकेत देते. फिल्टर नवा आहे. स्विच बदलावा का?

उत्तर 1: कृपया घाई करू नका, बहुतेक वेळा स्विच बिघडलेला नसतो, तो आपले काम चोख करत असतो. या फर्नेसमध्ये धुरातील वाफेचे पाणी होते आणि त्यातूनच जास्तीची उष्णता मिळते. ते पाणी ट्रॅपमध्ये (निचऱ्याआधी पाणी जमते त्या छोट्या भांड्यात) तुंबले किंवा निचऱ्याच्या नळीत गोठले, की आतला दाब बदलतो आणि स्विच उघडून गॅस बंद होतो. वीज व गॅस बंद करून ट्रॅप धुवा. फर्नेससाठी हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या पीव्हीसी (प्लास्टिकच्या) पाइपांची घराबाहेरची तोंडेही बुजली नाहीत ना, ते तपासा.

उत्तर 2: आमची निचऱ्याची नळी थंड गॅरेजमधून जात होती, तिला उष्णतारोधक आवरण घातल्यावर त्रास थांबला. झोपण्याच्या खोलीजवळ कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म मात्र असायलाच हवा, ही कळकळीची विनंती.

प्रश्नकर्ता: हवा आत घेणारा पाइप बर्फाने अर्धा बुजला होता. तो मोकळा केल्यापासून फर्नेस अखंड चालू आहे. ट्रॅप उद्या धुतो. मनःपूर्वक आभार.