म्हाताऱ्यांच्या गोळ्या आणि कंपन्यांचे उपकार

मंदार_ठाणे: "आपले आईबाप ऐंशी पार करतात ते औषध कंपन्यांच्या जिवावर, आणि आपण त्यांनाच शिव्या घालतो," असं काल इथे एका दीडशहाण्याने लिहिलं. गप्प बसणार होतो, राहवलं नाही. बाबा ८१ वर्षांचे. तीन स्पेशालिस्ट, दिवसाला नऊ गोळ्या. नव्या औषधाची चाचणी घेताना मूत्रपिंड अधू झालेली, आधीच चार औषधं चालू असलेली म्हातारी माणसं बहुधा वगळतात. मग गोळी खपवायची कोणाला? त्यांनाच! व्हायॉक्स विसरलात? संधिवाताची गोळी, १९९९ ला आली. पोटाला त्रास नाही म्हणून गुडघे धरून बसलेल्या आज्ज्यांना दिली, ती हृदयावर उलटली.

बॅगवाले_काका: दीडशहाणा मीच. ३१ वर्षं एमआर, म्हणजे डॉक्टरांकडे फिरणारा औषध कंपनीचा प्रतिनिधी, होतो. व्हायॉक्स ते बनवणाऱ्या मर्क कंपनीने २००४ ला स्वतःहून मागे घेतलं, स्वतःच्याच चाचणीत धोका दिसला म्हणून. आमचे आजोबा ५८ व्या वर्षी लकव्याने गेले, तेव्हा बीपीची धड गोळी नव्हती. तुमचे बाबा ८१ ला गोळ्या मोजताहेत ते कोणामुळे?

शुभदा: स्वतःहून म्हणे! २००० सालीच आठ हजार रुग्णांच्या चाचणीत नॅप्रोक्सेन या जुन्या वेदनाशामक गोळीपेक्षा चौपट हार्ट अटॅक दिसले होते. कंपनी म्हणाली, आमची गोळी वाईट नाही, नॅप्रोक्सेनच हृदयाला चांगली. पुढे चार वर्षं विकली. आणि एमआर लोकांचं तर सांगूच नका. आईला कॅथेटर लावलेला, दीड तास बाकड्यावर, आणि टायवाले तिघे आधी आत!

बॅगवाले_काका: ते डॉक्टर बोलावतात हो.

जीपी_सांगली: बोलावतो, कबूल. पण तीन स्पेशालिस्ट एकमेकांच्या चिठ्ठ्या वाचत नाहीत, यात कंपनीचा काय दोष?

नाशिकची_सून: मी सांगते. सासऱ्यांना गावच्या डॉक्टरने बीपीची एक गोळी दिलेली, नाशिकच्याने दुसरी. नाव वेगळं, रंग वेगळा, आत दोन्हींत टेल्मिसार्टनच. आठवडाभर दोन्ही घेतल्या. पहाटे मोरीत चक्कर येऊन पडले, खुबा मोडला. एका औषधाला इतकी नावं लागतात कशाला?

जीपी_सांगली: मूळ नाव पट्टीवर ब्रँडपेक्षा मोठ्या अक्षरांत असतं. तसा नियम आहे.

नाशिकची_सून: पट्टी अख्खी मिळाली तर ना! केमिस्ट चार गोळ्या कापून देतो. नाव एका तुकड्यावर, एक्सपायरी दुसऱ्यावर.

फार्मसीवाला: आलं केमिस्टवर! पंधराची पट्टी कंपनी काढते. म्हातारे म्हणतात, "चारच दे, पेन्शन झाली नाही." हाकलून देऊ? मी तारखेचा तुकडा शेवटपर्यंत सांभाळून ठेवतो.

शुभदा: म्हणजे तारीख तुमच्याकडेच राहते!

फार्मसीवाला: मग अख्खी घ्या ना ताई. उधारीही मागू नका.

नाशिकची_सून: ३०० ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा केलाय म्हणे. आमच्या सासऱ्यांचा फोन बटणांचा आहे.

मंदार_ठाणे: अहो, धागा पट्टीचा नाही! ऑगस्ट २०२३ ला डॉक्टरांनी मूळ नावानेच औषध लिहावं असा नियम आला. आयएमएने, डॉक्टरांच्या संघटनेने, ओरड केली, त्याच महिन्यात स्थगित. जीपीसाहेब, तुम्ही कुठल्या बाजूला?

जीपी_सांगली: विरोधात. आजही. मूळ नाव लिहिलं की कोणत्या कंपनीचं द्यायचं ते दुकानदार ठरवणार, ज्यावर मार्जिन जास्त ते. रुग्णाला गुण आला नाही तर शिव्या मला.

फार्मसीवाला: परत आम्हीच चोर. धन्यवाद.

बॅगवाले_काका: चालू द्या. मंदारराव, एवढं मात्र देतो तुम्हाला. "म्हाताऱ्यांना बिनधास्त लिहा डॉक्टर, पोटाला धक्का नाही," हे वाक्य मीही घोकलंय. व्हायॉक्समधलंच औषध, रोफेकॉक्सिब, फक्त आमच्या कंपनीचं नाव वेगळं. डिसेंबर २००४ ला इथे बंदी आली तेव्हा बॅगेत त्या नावाची शे-दीडशे पेनं उरली होती. सासूबाई तीच गोळी घ्यायच्या, त्यांना काही झालं नाही. पण पेनं मी कोणाला वाटली नाहीत.