मदत हवी आहे: डिस्काउंटमध्ये 'नाही' लिहिलं तर पीएचपी एक रुपया सोडतं!

नमस्कार मंडळी,

एका हार्डवेअरच्या दुकानाचं बिलिंग सांभाळतो. कोड जुना, मूळ लिहिणारा केव्हाच सोडून गेलेला. पीएचपी ८ (प्रोग्रामिंग भाषेची आवृत्ती) वर आणताना 'बिल' क्लासमधल्या 'डिस्काउंट' प्रॉपर्टीला (व्हॅल्यू ठेवायच्या जागेला) मी इंट (पूर्णांक), फ्लोट (दशांश) आणि बूल (ट्रू किंवा फॉल्स) असा युनियन टाईप दिला, म्हणजे यांपैकी कुठलाही चालेल. बूल एवढ्यासाठी, की डिस्काउंट नसेल तेव्हा जुना कोड तिथे फॉल्स ठेवतो.

परवा काउंटरवरच्या नव्या मुलाने डिस्काउंटच्या रकान्यात चक्क 'नाही' असं टाईप केलं. बिल होतं ११८० रुपयांचं, छापून आलं ११७९. व्हार-डंप करून (आतली व्हॅल्यू छापून) पाहिलं तर आत ट्रू बसलेलं! युनियनमध्ये स्ट्रिंग (मजकूर) नाहीच, मग एरर का नाही आली?

दुसरं म्हणजे, मूळ क्लास इतर दोन गिऱ्हाइकांकडेही वापरात आहे, म्हणून त्याला हात न लावता त्याच्यावरून बनवलेल्या चाइल्ड क्लासमध्ये बूल काढून फक्त इंट आणि फ्लोट ठेवलं. तर सरळ फेटल एरर, प्रोग्रामच थांबला. टाईप कडक केला तर बिघडलं कुठे?

प्रतिसाद १

तुमच्या फाइलीत स्ट्रिक्ट टाईप्स (टाईप काटेकोर तपासायची सोय) चालू नसणार. अशा वेळी व्हॅल्यू युनियनमध्ये बसली नाही तर पीएचपी ती बसवून पाहतं: आधी इंट, मग फ्लोट, मग स्ट्रिंग, शेवटी बूल. 'नाही' हा आकडा नाही, स्ट्रिंगला तुमच्याकडे जागा नाही, उरलं बूल. रिकामी नसलेली स्ट्रिंग ('0' सोडून) म्हणजे ट्रू, आणि वजाबाकीत ट्रू म्हणजे १. गेला रुपया.

बूलऐवजी नुसतं फॉल्स लिहा. युनियनमध्ये ते ८.० पासूनच चालतं आणि त्यात कुठलीही स्ट्रिंग कोंबली जात नाही, टाईपएरर (टाईप जुळत नसल्याची एरर) येते. म्हणजे मूळ क्लासला हात लावावाच लागेल. चाइल्डमध्ये प्रॉपर्टीचा टाईप ना अरुंद करता येतो ना रुंद, कारण ती वाचलीही जाते आणि तिच्यात लिहिलंही जातं. मूळ क्लास धरून लिहिणाऱ्याने ट्रू ठेवलं तर तुमच्या चाइल्डने काय करायचं? मेथडच्या रिटर्न टाईपला मात्र अरुंद करायची मुभा आहे.

धागाकर्ता

दादा, फॉल्स केलं, 'नाही' अडलं. पण आता रकाना रिकामा सोडला तरी टाईपएरर येते, आणि दहातली आठ बिलं तशीच असतात. आधी रिकाम्याचं गुपचूप फॉल्स व्हायचं.

प्रतिसाद २

व्हायचंच, रिकामी स्ट्रिंग बूलमध्ये फॉल्स होते. ते काम युनियनवर टाकू नका. फॉर्ममधून आलेली व्हॅल्यू ट्रिम करा (कडेच्या मोकळ्या जागा काढा), रिकामी असेल तर स्वतः फॉल्स द्या, नाहीतर इज-न्यूमरिकने आकडा आहे का ते तपासा आणि मगच प्रॉपर्टीत ठेवा. जाता जाता एक विचारतो, काउंटरवर मराठी कीबोर्ड आहे का? देवनागरीत '१०' लिहिलं तर पीएचपीला तो आकडा वाटत नाही.

धागाकर्ता

अरे देवा. मराठीच आहे. आत्ता जुनी बिलं चाळली, एक रुपया डिस्काउंटवाली बरीच निघाली, आणि त्यातल्या बहुतेकांवर मालकांनी पेनाने '१० कमी केले' असं लिहून ठेवलंय. मी ते हिशेबातली गडबड समजत होतो. आता आधी देवनागरी आकडे बदलून घेणारं फंक्शन लिहितो, मग मालकांना फोन.