भाऊबंदांची वंशावळ आणि हकिकती एकत्र कशा लावाव्यात?

माडाची_सावली: मूळघर गुहागर तालुक्यात, भाऊबंद मुंबई, पुणे, बडोद्याला. व्हॉट्सअ‍ॅप गटावर जुने फोटो, हकिकती येतात आणि दोन दिवसांत सुप्रभातांखाली गाडल्या जातात. मूळपुरुष एका शाखेच्या मते देशावरून आला, दुसरीच्या मते राजापूरकडून. हाताशी काही फेरफार (जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी) आणि मोडीतलं एक बाड आहे. सुरुवात कुठून करावी?

पडवी: आधी झाड, मग गोष्टी. म्हाताऱ्यांना साल विचारू नका. चूल कधी वेगळी झाली, वाटणीत मूळघर कोणाकडे राहिलं ते विचारा, क्रम आपोआप लागतो. साल हवंच तर खुणेला बांधा: १९१८ ची मानमोडी (इन्फ्लुएन्झाची साथ), १९४४ चा मुंबई गोदीतला स्फोट, १९४७ ला बुडालेली रामदास बोट, १९६७ चा कोयनेचा भूकंप. शाळेच्या रजिस्टरातली १ जून ही जन्मतारीख मात्र बहुतेक वेळा मास्तरांची देणगी असते.

खरा घोळ नावांचा. नातवाला आजोबांचं नाव, त्यामुळे विष्णू बाळकृष्ण, मग बाळकृष्ण विष्णू, पुन्हा विष्णू बाळकृष्ण. दोन विष्णू एक धरले की दोन पिढ्या गळाल्या. म्हणून प्रत्येकाला क्रमांक द्या: मूळपुरुष १, मुलं १.१, १.२, नातवंडं १.१.१. बायकांची माहेरची-सासरची दोन्ही नावं घ्या. दोन लग्नं असतील तर कोणतं मूल कोणत्या आईचं तेही.

शाखा कुठे फुटली ते कळत नसेल तर पूर्वी एकमेकांचं सुतक किती धरत ते विचारा. दहा दिवस म्हणजे साधारण सात पिढ्यांच्या आतलं नातं, तीन दिवस म्हणजे त्यापलीकडचं.

बाडवाचक: कागदांचं सांगतो. तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूचं कोतवाल बुक मागा. अर्जात गाव आणि सालं लिहा. नुसत्या आडनावावर शोधू नका, जुन्या नोंदीत ते पुष्कळदा नसतंच, 'राघो बिन विठू' (विठूचा मुलगा राघो) एवढंच असतं. फेरफारातल्या वारसनोंदीवरून पिढी जुळते, पण मुलींची नावं गळलेली असू शकतात.

एखादी शाखा सावंतवाडीकडे किंवा श्रीवर्धन-मुरूडकडे गेली असेल तर तिथे १९४८ पर्यंत संस्थानं होती, दप्तर वेगळं. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ चा, त्याआधीचं रत्नागिरीत बघा.

देश की राजापूर, यासाठी नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या बघा. गाव आणि आडनाव सांगितलं की ते नोंदी काढतात. जुन्या नोंदीत आधीचं गाव सापडण्याचा संभव असतो.

कागदावर शके असेल तर इसवी सनासाठी चैत्र ते डिसेंबर ७८ मिळवा, जानेवारी ते फाल्गुन ७९. बाडात सुहूर सन असेल (मराठेशाहीच्या कागदांतली कालगणना, आकडा अरबी शब्दांत, 'खमस' म्हणजे पाच) तर मृग नक्षत्रापासून डिसेंबरपर्यंत ५९९, पुढे ६००.

खळं: गट गप्पांसाठी राहू दे, साठवण ड्राइव्हवर करा. फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप त्यांचा दर्जा उतरवतं. स्कॅन ६०० डीपीआयवर, मागची बाजूसुद्धा. पावसाळ्यात चिकटलेले फोटो ओढू नका, वरचा थर निघून येतो. झाडासाठी ग्रॅम्प्स हे सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यातून गेडकॉम (वंशावळीच्या इतर सॉफ्टवेअरमध्येही चालणारी) फाइल काढता येते, म्हणजे उद्या दुसरीकडे हलवता येईल. बदल करण्याचा हक्क शाखेमागे एकालाच द्या.

प्रत्येक हकिकतीखाली सांगणारा कोण, नातं काय, स्वतः पाहिलेलं की ऐकलेलं, हे हवंच. मूळपुरुषाच्या दोन्ही कथा वेगळ्या ठेवा. 'देशावरून राजापूरमार्गे आला' अशी तडजोड कोणीतरी करणारच, ती होऊ देऊ नका. पुढच्या पिढीला तीच खरी वाटते.

हयात माणसांच्या जन्मतारखा आणि आईचं माहेरचं आडनाव उघड्यावर नको, बँका सुरक्षेसाठी असलेच प्रश्न विचारतात. दत्तक, फारकत यांबद्दल त्या घराला आधी विचारा. आणि सातबाऱ्याचे वाद चालू असतील तर पहिल्याच पानावर लिहा की हा तक्ता वारसहक्कासाठी नाही. नाहीतर निम्म्या शाखा कागद बाहेरच काढणार नाहीत.

माडाची_सावली: गणपतीत सगळे येतात, तेव्हा बसवावं म्हणतोय.

पडवी: चतुर्थीला नको, कोणाला वेळ नसतो. ऋषिपंचमीच्या दुपारी बसा. तक्ता मोठ्या कागदावर छापून पडवीत लावा आणि शेजारी दोरीला पेन्सिल बांधा. विचारल्यावर जे बोलत नाहीत तेही दुसऱ्याची चूक दिसली की लगेच खोडतात.